तळव्याखालची टिचकी

संगणकावरच्या तक्त्यातला रकाना लपवायला दोनच कळा दाबाव्या लागतात. उन्मेष सारंगने त्या दाबल्या तेव्हा नोव्हेंबरमधली एक निवांत दुपार होती. खिडकीबाहेर वाळूवर जाळी पसरलेली होती, आणि आवारातल्या नळावर दुर्वा मोंडकर आपली फळी धूत बेसूर आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

"झालं का रे वाचून?" तिने बाहेरूनच ओरडून विचारलं. "आज कशी होते मी?"

"चांगली," तो म्हणाला. "कालच्यापेक्षा वेगवान."

हे खोटं नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत तो तिच्याशी जे जे बोलला त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि पुढे आयुष्यभर त्याला सर्वांत जास्त टोचत राहिलं ते हेच.

त्या वर्षांत किनाऱ्याचं चित्र बदललं होतं. पाणी तापलं तसा बांगडा उत्तरेकडे सरकला, तारली दिसेनाशी झाली, आणि आचऱ्याच्या आसपासच्या कितीतरी होड्या मासळीऐवजी माणसं वाहू लागल्या. माणसं येत ती वाऱ्यासाठी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वायव्येचा वारा सुटला की खाडीच्या मुखापासून दक्षिणेकडे, किनारा मागे टाकून, तेहतीस किलोमीटरवरच्या कासवा बेटापर्यंत एकाच दिशेने लाटा धावत असत. मधल्या त्या उघड्या पाण्याला गावातले लोक 'गाळा' म्हणत. पूर्वी गाळा ओलांडायचा तो शिडावर. आता एकोणीस देशांचे खेळाडू तो चौदा फुटी अरुंद फळीवर उभं राहून, एका वल्ह्याच्या आधाराने ओलांडायला येत.

या शर्यतीत बाहूंचं बळ दुय्यम असतं. नुसतं वल्हवत राहिलं तर फळी ताशी सातआठ किलोमीटर चालते; लाटेच्या उतारावरून घसरत गेली तर तेराचौदा. पण लाट कोणालाही फार काळ खांद्यावर घेत नाही. खोल समुद्रात लाटा घोळक्याने चालतात, आणि घोळक्याचा वेग त्यातल्या एकट्या लाटेच्या निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक लाट घोळक्याच्या मागच्या कडेला जन्मते, मधून वाट काढत पुढे येते, क्षणभर सगळ्यांत उंच होते आणि पुढच्या कडेला पोहोचून विरून जाते. जिच्यावर आपण आहोत ती मरणारच असते. ती मरण्यापूर्वी शेजारी कोणती जन्मते आहे हे ओळखून, तिच्यापुढच्या खळग्यात फळीचं नाक वळवायचं आणि दोनतीन जोरकस वल्ही मारून उडी घ्यायची. अर्धा सेकंद उशीर झाला तर लाट पायाखालून निघून जाते, आणि वल्हवणारा तिच्या पाठीवर, चढाला लागलेला, एकटा उरतो.

ही वेळ कळण्यासाठी दुर्वाला कधी काही करावं लागलं नव्हतं. ती बाबी तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि बाबी मोंडकरच्या होडीवर चप्पल घालून पाय ठेवायला कोणालाही मुभा नव्हती. पाण्याची बातमी लाकडातून तळव्याला कळते, असं तो म्हणे. दुर्वा त्या होडीच्या तळफळीवर रांगायला शिकली होती.

उन्मेष त्याच गावचा, मास्तरांचा मुलगा. बोलायला लाजणारा, पोहायला भिणारा. शाळेत दुर्वा त्याच्यापुढे दोन बाकं बसायची. समुद्राचं शास्त्र शिकून तो परत आला आणि किनाऱ्यालगतच्या समुद्र-संशोधन केंद्रात नोकरीला लागला, तेव्हा त्याच्याकडे एक कल्पना होती. समुद्राचा पृष्ठभाग दिसतो तितका बेबंद नसतो. लहानमोठ्या शेकडो साध्या लाटांची ती बेरीज असते. वाऱ्याच्या दिशेने वर, म्हणजे वायव्येला, समुद्र या क्षणी कसा आहे हे रडारने आणि तरंगत्या मापकांनी टिपलं, तर त्या बेरजेतली प्रत्येक लाट वेगळी काढता येते. मग चाळीस सेकंदांनी, एका विशिष्ट फळीच्या खाली, त्यांची पुन्हा कशी बेरीज होईल हे आधीच मांडता येतं. दुर्वाच्या फळीवर त्याने एक पातळ गादी चिकटवली. तिला दोन कामं होती. तळव्यांचा दाब मोजायचा, आणि वेळ आली की अंगठ्याखाली किंवा टाचेखाली एक हलकी टिचकी द्यायची. अंगठ्याला लागली की मार. टाचेला लागली की थांब.

गादीचं नाव त्यांनी 'तळवा' ठेवलं. बाबी तांडेल तिला पायपुसणं म्हणायचा.

पहिल्या महिन्यात दुर्वा पाण्यातून हसत बाहेर यायची. "तुझी टिचकी माझ्यामागून येते रे! मी लाटेवर चढून बसलेली असते, तेव्हा ते म्हणतं, चढ. तुझ्यासारखंच आहे, विचार करून बोलणारं."

आकडेही तेच सांगत. टिचकीच्या चार दशांश सेकंद अगोदरच तिचे अंगठे फळीवर रुतलेले असत. उन्मेषने या फरकाचा एक रकाना केला आणि त्याच्या माथ्यावर लिहिलं, 'अगोदर'. त्या रकान्याकडे पाहून त्याला आपल्या यंत्राची लाज वाटे आणि तिचा अभिमान वाटे. कोणती भावना अधिक, हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नाही. त्याने मापक वाढवले, गणित सुधारलं. टिचकी हळूहळू पुढे सरकत तिच्या अंगठ्यांना येऊन मिळाली, आणि एका पावसाळ्यानंतर बहुतेक लाटांवर त्यांच्याही पुढे गेली. त्या हंगामात दुर्वाने गोव्याची शर्यत जिंकली, मग कोचीची. केंद्राच्या भिंतीवर तिचा फोटो लागला. फोटोच्या कोपऱ्यात, अर्धा कापला गेलेला, उन्मेष होता.

नोव्हेंबरमध्ये त्या रकान्यातला शेवटचा अधिक आकडा शून्याला टेकला, आणि खाली उतरला.

त्याला आधी वाटलं, गादीत बिघाड आहे. त्याने ती सोडवून पुन्हा तपासली, बिघाड नव्हता. टिचकी बंद ठेवून, तिला न सांगता, त्याने एका सकाळचा सराव मोजला. तिचे अंगठे लाटेपेक्षा पाऊण सेकंद मागे होते. त्या दिवशी ती म्हणाली, "आज समुद्र मुका होता रे," आणि तो गादीच्या तारा गुंडाळत राहिला.

मेंदू काटकसरी असतो. पुढे काय होणार याचं भाकीत तो सतत करत असतो, आणि भाकीत चुकलं की त्या चुकीतून शिकतो. पण जर उत्तर दर वेळी प्रश्नाच्या आधीच हातात पडू लागलं, तर चूक होतच नाही. आणि चूक होत नाही तिथे शिकणं थांबतं, मग भाकीत करणंही. हे उन्मेषला पुस्तकातून माहीत होतं. तिच्या तळव्यांना जे बावीस वर्षांत कळलं होतं ते त्याची टिचकी दोन वर्षांत पुसत होती, हे त्याला त्या रकान्याने दाखवलं.

त्याने रकाना लपवला. मग, तिचा वेग पडू नये म्हणून, टिचकी एक दशांश सेकंद आधी आणली.

डिसेंबरात आणखी एक दशांश. फेब्रुवारीत आणखी दीड. तिची उणीव जितकी वाढे तितकी तो ती भरून काढे, आणि तो जितकी भरून काढे तितकी ती वाढे. कारण विचारलं असतं तर त्याने तिच्या शर्यतीचं नाव सांगितलं असतं. खरं कारण त्याला एका संध्याकाळी कळलं. सराव संपवून ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि पडद्याकडे पाहत म्हणाली, "तू नसतास तर मी काय केलं असतं रे?" त्याच्या छातीत जे गोड काही हललं, त्याची त्याला त्याच क्षणी किळस आली, आणि तरीही ते पुन्हा ऐकायला मिळावं, असं वाटत राहिलं.

मार्चमध्ये एकदा बाबी तांडेल केंद्रात आला. दारातच चपला काढून, अनवाणी पायांनी फरशी चाचपत तो आत आला.

"काय मगे, पायपुसणां काय म्हणता?"

"बरं चाललंय, काका. बसा ना."

तो बसला नाही. खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाला, "एक विचारू? तू शिकलेलो, म्हणान विचारतंय. आधी ह्यां चेडू, आमची दुर्वा, फळयेर हसायचां. मोठ्यान. लांबसून ऐकाक यायचां माका. आता हसणां नाय. आता नुसतां ऐकता. कोणाचां ऐकता?"

 'काका, मला तुम्हाला काही सांगायचंय,' एवढं वाक्य उन्मेषने मनात पूर्ण जुळवलं होतं.

"शर्यत जवळ आली आहे," तो म्हणाला. "एकाग्र असते ती."

"हां," बाबी म्हणाला. "एकाग्र." तो शब्द त्याने नवीन मासा उलटून पाहावा तसा उच्चारला आणि निघून गेला.

शर्यतीच्या दिवशी वारा हवा तसा होता. प्रत्येक खेळाडूमागे एक सोबतीची होडी असे. दुर्वामागे तिच्या वडिलांची. उन्मेष यंत्राचा पडदा छातीशी धरून चढू लागला तसा बाबी ओरडला, "बूट! बूट काढ. होडी काय कचेरी वाटली तुका?"

त्याने बूट काढले. तळफळी ओलसर आणि गार होती. दोन वर्षं तो लोकांच्या तळव्यांचा हिशेब मांडत होता, पण स्वतःचे तळवे असे उघडे करून तो कधी पाण्यावर गेला नव्हता.

दुर्वाने किनाऱ्यावरून त्याला हात केला. "उन्मेष! आज टिचकी जोरात दे, कळलं ना? मागच्या वेळी मला झोप येत होती!" तिच्या मैत्रिणी हसल्या. तोही हसला.

पहिले वीस किलोमीटर सुंदर होते. दुर्वा सर्वांच्या पुढे होती. तिची आकृती एका उतारावरून दुसऱ्यावर अशी निसटत होती की वल्हं नुसतं शोभेला आहे असं वाटावं. उन्मेषच्या पडद्यावर टिचक्या ठिपक्यांसारख्या उमटत होत्या, आणि प्रत्येकीनंतर तीन दशांश सेकंदांनी, इमानी सावलीसारखे, तिचे अंगठे. तो ठिपके पाहत होता आणि मनात ठरवत होता, आज संपलं की सांगायचं. आज बेटावर पोहोचलो की लगेच.

बाबीने मान वर केली. "खालसून कायतरी येता हा," तो म्हणाला.

"काय?"

"दक्षिणेसून. पाय टेक नीट. कळता?"

उन्मेषने पाय टेकले. आधी काहीच नाही. मग, वायव्येच्या लाटांच्या घाईगर्दीखाली, काहीतरी फार मोठं आणि फार सावकाश, होडीला खालून उचलून पुन्हा ठेवून देत आहे असं त्याला जाणवलं. त्याने मनात सेकंद मोजले. सतरा.

आणि त्याला सकाळचं हवामानपत्रक आठवलं. पृथ्वीच्या पार दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात सहा दिवसांपूर्वी एक वादळ घोंगावलं होतं. त्याने उठवलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटरचा महासागर शांतपणे ओलांडून आज या किनाऱ्याला पोहोचणार होत्या. भर समुद्रात त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पण तळ वर आला की त्या उभ्या राहतात. पत्रकातली ती ओळ त्याने वाचली होती. वाचून सोडून दिली होती, कारण त्याच्या गणितात बारा सेकंदांपेक्षा लांब लाटांना जागाच नव्हती. या शर्यतीत त्यांचा उपयोग नाही, म्हणून गणित हलकं करताना त्यानेच त्या वगळल्या होत्या.

पुढे, अडीच किलोमीटरवर, पाण्याखाली 'म्हशीची पाठ' नावाचा खडकाळ उंचवटा होता.

पडद्यावर चूक वाढू लागली. यंत्र जिथे खळगा सांगत होतं तिथे दक्षिणेची लाट येऊन तो भरून टाकत होती. टिचकी बसली, दुर्वाने जीव खाऊन वल्हं मारलं, फळीचं नाक समोरच्या भिंतीत खुपसलं, आणि ती पुढे फेकली गेली. ती उठली. पुन्हा टिचकी. पुन्हा नाक पाण्यात. दोन वर्षांपूर्वीच्या दुर्वाला हे पहिल्याच वेळी कळलं असतं. ही दुर्वा आज्ञाधारकपणे, दर टिचकीला, भिंतीवर धावून जात होती. आणि प्रत्येक धावेगणिक ती त्या उंचवट्याच्या दिशेला सरकत होती, जिथे आता अधूनमधून एक पांढरी रेघ उमटून मिटत होती.

"काका, यंत्र चुकतंय."

"मगे बंद कर."

"बंद केलं तर..." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "काका, तिला समजणार नाही. कधी मारायचं ते तिला आता समजत नाही. तिचे पाय विसरलेत."

बाबीने सुकाणूवरचा हात हलवला नाही. "काय बोलतस?"

आणि मग उन्मेषने सांगितलं. इतकी वर्षं मनात वाक्यं जुळवणाऱ्या त्याने ती सगळी तुटक, उलटसुलट सांगितली. रकाना, नोव्हेंबर, एक दशांश, आणखी एक दशांश. वारा अर्धे शब्द उडवून नेत होता आणि त्याला ते पुन्हा, ओरडून सांगावे लागत होते. गुन्हा ओरडून सांगावा लागणं किती विचित्र असतं, हेही त्याला त्याच वेळी जाणवत होतं.

बाबीने सगळं ऐकलं. "कधी सांगणार होतस?"

"शर्यतीनंतर."

"खंयच्या शर्यतीनंतर?"

उन्मेषची नजर पडद्यावर गेली.

"बंद कर आधी," बाबी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "खोटां सांगणारां यंत्र तिच्या पायाखाली नको. खोटां सांगणारो माणूस माझ्या होडयेर नको. पण तुका आता खंय उतरवू?"

उन्मेषने तळवा बंद केला.

दुर्वा दोन लाटा नुसती उभी राहिली. तिसऱ्या लाटेला तिने पायांकडे पाहिलं, जणू कोणीतरी हाक मारता मारता मध्येच गप्प झालं होतं. मग पडली. उठली, पडली. गुडघ्यांवर उठली, पाठीमागून आलेल्या साध्या, हातभर उंच लाटेने तिला बाजूला लोळवलं. एक परदेशी खेळाडू तिच्या जवळून निघून गेला, मग दुसरी, मग तिघं. मागे वळून पाहणारी प्रत्येक नजर उन्मेषला आपल्यावर आल्यासारखी वाटली.

बाबीने होडी तिच्या आणि उंचवट्याच्या मध्ये नेली. होडीला स्पर्श झाला तर खेळाडू बाद होतो, म्हणून पाचसहा हातांचं अंतर ठेवलं.

"बाबा, तळवा बंद पडलाय!" ती ओरडली. ओठ फुटून रक्त आलं होतं. "उन्मेष, लाव ना परत! काय करतोयस?"

"बस, गो," बाबी म्हणाला. "आधी बस. पाय पाण्यात सोड."

ती फळीवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसली. दम लागला होता. उन्मेष होडीच्या काठाशी आला. त्याने सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी ते चार वाक्यांत संपलं.

 पाण्याखाली तिचे पाय पांढुरके, लांब, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे दिसत होते.

"मी तुला विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली. "रोज विचारायचे. कशी होते मी म्हणून."

"हो."

"तू म्हणायचास चांगली."

"हो."

"होडीत ये, बाय," बाबी म्हणाला. "पुरे झाला."

"नाही." तिने वल्हं उचललं. "बाबा, मला फक्त म्हशीच्या पाठीपासून लांब काढा. कुठून जाऊ ते दाखवा. कधी मारू ते सांगू नका."

उरलेले अकरा किलोमीटर तिने गुडघ्यांवर काढले. पुढे होडी, मागे ती. लाटा तिच्याखालून येत आणि निघून जात. ज्यांच्यावर ती दोन तासांपूर्वी नाचत होती त्या लाटा आता अनोळखी माणसांसारख्या तिला ओलांडून जात होत्या. तिने उन्मेषकडे एकदाही पाहिलं नाही. सूर्य बुडायला आला तेव्हा ती कासवा बेटावर पोहोचली, एकेचाळिसात एकेचाळिसावी. गुडघ्यांची सालं निघाली होती. तिने नखांनी गादीची कड उचलली, ती फळीवरून सोलून काढली, आणि ओल्या हाताने त्याच्यापुढे धरली.

"तुझी आहे ही," ती म्हणाली.

पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद होता. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि त्याने बोलायचा प्रयत्न केला नाही. केंद्राच्या वरिष्ठांना त्याने सगळं लिहून कळवलं. त्यांनी त्याला ताकीद दिली, आणि शेवटी त्याच्या कल्पकतेचं कौतुकही केलं. ते कौतुक त्याला ताकिदीपेक्षा जड गेलं. उरलेल्या वेळात तो भरपाईसाठी एक गोष्ट तयार करत राहिला.

ऑक्टोबरात एका सकाळी ती केंद्राच्या दारात उभी राहिली. खांद्यावर फळी होती.

"मला तुला काही दाखवायचंय," तो घाईने म्हणाला, ती जाईल या भीतीने. "तुझे पहिल्या वर्षीचे सगळे दाब माझ्याकडे आहेत. टिचकी नव्हती तेव्हाचेसुद्धा. त्यांवरून मी नवं गणित केलंय. यात टिचकी माझ्या यंत्राची नसेल. तुझीच असेल. तेव्हा तू जेव्हा मारलं असतंस, बरोबर तेव्हा..."

"म्हणजे आता माझीच मी माझ्या पायाला टिचक्या मारणार?"

 चार महिन्यांचं काम त्या एका वाक्यात आपल्या खऱ्या आकाराचं दिसू लागलं.

"नको," ती म्हणाली. "ती गादी कुठाय?"

त्याने कपाटातून काढून दिली. तिने ती उलटी केली, खिशातून जाळं कापायची सुरी काढली, आणि टिचकी देणाऱ्या तारा एकेक करून छाटल्या. दाब मोजणाऱ्या तारा तिने सोडून दिल्या. कोणत्या कोणत्या ते तिला नीट माहीत होतं.

"आता हे फक्त ऐकेल," ती म्हणाली. "बोलायचं तू. उद्या सहाला बाबांच्या होडीत यायचं. मी लाट घेतली, की घेतल्यानंतर सांगायचं. आधी नाही. नंतर. उशिरा होते की अगोदर. प्रत्येक वेळी. मोठ्याने, मला ऐकू येईल असं."

"प्रत्येक वेळी?"

"दिवसाला तीनशे लाटा होतात. कंटाळा येईल तुला." ती फळी उचलून वळली आणि जाताजाता म्हणाली, "आणि 'चांगली' हा शब्द वापरायचा नाही."

तो दुसऱ्या दिवशी गेला. बूट घरीच ठेवले होते. बाबी तांडेलाने त्याच्याकडे पाहून नुसती जागा दाखवली.

आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेला तो माणूस त्या सकाळी उघड्या समुद्रावर ओरडला, "उशिरा!" आणि पुन्हा, "उशिरा!" दर लाटेला, दर पडण्याला. पहिल्या आठवड्यात त्याचा घसा बसला. बाबी त्याला आल्याचा काढा पुढे करी. दुसऱ्या आठवड्यात तो काठीने डबा ठोकून ओरडू लागला. किनाऱ्यावरची पोरं त्याला 'उशिरा मास्तर' म्हणू लागली. दुर्वा ऐके, मान हलवी, पुन्हा वळून फळी लाटांकडे लावी. ती कधी रडली तर ते होडीपर्यंत पोहोचत नसे. पोहोचत असे तो त्याचाच आवाज, पाण्यावर आपटून परत येणारा: उशिरा, उशिरा. त्याला वाटे, हा शब्द ती तिच्या पायांसाठी मागून घेते आहे, पण तो बसतो आहे आपल्यावर.

पाऊण सेकंद. डिसेंबरात अर्धा. जानेवारीत तीन दशांश, आणि मग कितीतरी आठवडे तिथेच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सकाळी वारा जरा लवकर उठला. दुर्वा एका विरत चाललेल्या लाटेवर होती. उन्मेषच्या तळव्यांखाली होडी किंचित डावीकडे दबली. त्याला वाटलं, आता, आणि नेमकी तेव्हाच तिची फळी डावीकडे वळली. दोन वल्ही, तिसऱ्याची गरजच पडली नाही. नवी लाट तिच्यामागे उभी राहिली आणि तिने तिला उचलून घेतलं, जवळजवळ मायेने. 

आणि सबंध हंगामात पहिल्यांदाच दुर्वाने मागे वळून पाहिलं. आकडा ऐकण्यासाठी नव्हे, त्याच्या चेहऱ्याकडे. तिच्या डोळ्यांत असं काही उघडं होतं, की ते त्याला शाळेतल्या बाकांपासून ओळखीचं वाटलं.

पडद्यावर आकडा आला. दोन शतांश सेकंद. उशिरा.

दोन शतांश म्हणजे काही नव्हतं. डोळ्याची पापणीही तेवढ्यात मिटत नाही. गादीच्या मोजण्यातच तेवढी चूक असू शकली असती. 'चांगली' हा एक शब्द, तिने एवढ्या महिन्यांत एकदाही न ऐकलेला तो एक शब्द, आता उच्चारला असता तर कोणाचं काय गेलं असतं? तिचा चेहरा उजळला असता. त्याचंही काहीतरी हलकं झालं असतं.

त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"उशिरा!" तो ओरडला. "दोन शतांश!"

 मग वाऱ्यावर चढून तो आवाज होडीपर्यंत आला: दुर्वा हसत होती, मोठ्याने, मान मागे टाकून. हसता हसताच ती वळली आणि पुढच्या लाटेकडे निघाली.

बाबी तांडेलाने सुकाणू सरळ केलं. "ऐकलंस?" तो म्हणाला.

 उन्मेष पुढच्या आकड्याकडे पाहत होता.